प्रश्न कसा विचारावा?

आमच्या शाळेच्या ग्रंथालयाच्या दाराशी एक लाकडी पेटी टांगलेली आहे. ती आमच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. तिला 'शंकापेटी' असे नाव आहे. वर्गात उभे राहून विचारण्याचे धैर्य ज्यांस होत नाही, किंवा तासाच्या गडबडीत ज्यांची पाळी येत नाही, त्यांनी आपली शंका चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावी, आणि शनिवारी शेवटच्या तासाला तिचे उत्तर ऐकावे, असा परिपाठ आहे. पेटी उघडून चिठ्ठ्या वाचण्याचे काम काही वर्षे आमच्याकडे आहे. त्या कामात आम्हांस जे दिसले, आणि एका प्रसंगी आमच्या हातून जी चूक झाली, ते विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

एका शनिवारची हकीकत सांगतो. त्या दिवशी पेटी काठोकाठ भरली होती, आणि ते पाहून आम्हांस प्रथम मोठा आनंद झाला. परंतु चिठ्ठ्या उलगडून पाहतो, तो निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांत तीन-चारच प्रश्न होते. 'सहामाहीला किती धडे आहेत?' हा प्रश्न अनेकांनी विचारला होता. त्याचे उत्तर सूचनाफलकावर आठ दिवसांपासून लागलेले होते. 'आकाश निळे का दिसते?' हा प्रश्न मागील महिन्यात सविस्तर सांगून झाला होता, तो पुन्हा आला होता. काही चिठ्ठ्यांवर 'बीजगणित समजत नाही', 'इंग्रजी कठीण आहे' अशी नुसती विधाने होती. त्यांस काय उत्तर द्यावे हेच कळेना. तास पस्तीस मिनिटांचा. जुनी उत्तरे पुन्हा सांगण्यात पंचवीस मिनिटे गेली. उरलेल्या दहा मिनिटांत जेवढे झाले तेवढे केले, आणि घंटा झाली.

तळाशी राहिलेल्या चिठ्ठ्यांत एक अशी होती : 'मला गणित का येत नाही?' खाली नाव नव्हते. 'ह्या प्रश्नास उत्तर कसले देणार?' असे म्हणून आम्ही ती बाजूस ठेविली. तिच्याकडे पुढे परत यावयाचे आहे. आधी प्रश्नांविषयी चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट अशी की, प्रश्न विचारणे हा हक्क आहे, आणि तो फुकट मिळालेला नाही. आपल्या देशाच्या कायदेमंडळात लोकांच्या सभासदांस सरकारास प्रश्न विचारता येऊ लागले, ते १८९२ च्या कायद्यापासून. तेव्हाही एकदा मिळालेल्या उत्तरावर उपप्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. अधिकाऱ्याने एका वाक्यात वाटेला लावले, तरी सभासदाने मुकाट्याने खाली बसावयाचे! १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्न विचारणाऱ्यास उपप्रश्नाचा हक्क दिला, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर तो इतर सभासदांसही मिळाला. ह्या कायदेमंडळांत फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले ह्यांच्यासारख्या पुरुषांनी आपले आयुष्य वेचले. असा मिळालेला हक्क वाया घालवू नये, हे कोणासही पटेल.

आता स्वतंत्र भारताच्या लोकसभेत ह्या हक्काचा वापर कसा होतो, ते पाहा. सभासद कितीतरी प्रश्न पाठवितात, पण तोंडी उत्तराच्या यादीत एका दिवशी केवळ २० प्रश्न घेतात. त्यांस 'तारांकित' म्हणतात. लेखी उत्तराच्या यादीत २३० घेतात. म्हणजे वेळ थोडा आणि विचारणारे फार, ही अडचण केवळ आमच्या शंकापेटीचीच नाही. ह्यावर लोकसभेने नियम केले आहेत. प्रश्न सामान्यतः १५० शब्दांहून मोठा असू नये. त्यात वाद, अनुमाने, उपरोध किंवा कोणाची निंदा नसावी. ज्याचे उत्तर पूर्वी दिले गेले आहे, तोच प्रश्न निराळ्या शब्दांत पुन्हा विचारू नये. जी माहिती सहज मिळणाऱ्या कागदपत्रांत किंवा नेहमीच्या संदर्भग्रंथांत आहे, ती विचारू नये. दोघांतिघांनी एकच प्रश्न पाठविला, तर त्यांची नावे एकत्र जोडून उत्तर एकदाच देतात.

ह्या नियमांत विचारणाऱ्याचे तोंड बंद करण्याचा हेतू आहे, असे कोणी समजू नये. उलट, एकाच्या आळसामुळे दुसऱ्याची पाळी बुडू नये, हे त्यांतले मर्म आहे. जो फलकावर लिहिलेले वाचीत नाही आणि तेच विचारतो, तो गुरुजींचा वेळ घेतो, एवढेच नव्हे. त्याच्या मागे रांगेत जो मुलगा खरी अडचण घेऊन उभा आहे, त्याचा वेळ तो घेतो.

दुसरी गोष्ट अशी की, प्रश्नाच्या ठेवणीवर उत्तराची योग्यता अवलंबून असते. ह्याचे उदाहरण आमच्याच पेटीतून देतो. 'बीजगणित समजत नाही' असे लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्यास आम्ही बोलावून सांगितले, "बाळ, कोठे अडले तेवढेच लिही, आणि अडल्यावर तू काय करून पाहिलेस तेही लिही." दुसऱ्या आठवड्यास त्याची चिठ्ठी आली ती अशी : '(अ − ब)² म्हणजे अ² − ब² का नव्हे? मी अ = ७ आणि ब = ३ धरून पाहिले. ७ − ३ = ४, त्याचा वर्ग १६. पण ४९ − ९ = ४० येतात. चोवीस कोठे गेले?'

वाचकहो, हा प्रश्न पाहून आम्हांस किती समाधान वाटले म्हणून सांगावे! ह्या मुलाने अर्धे उत्तर स्वतःच शोधून काढिले होते. आम्ही फळ्यावर सात घरे लांब व सात घरे रुंद असा चौरस काढला, म्हणजे घरे झाली ४९. त्याच्या एका बाजूची तीन घरे रुंदीची पट्टी पुसली, तेव्हा २१ घरे गेली. शेजारच्या बाजूचीही तशीच पट्टी पुसावयाची, म्हणजे आणखी २१. परंतु कोपऱ्यातील ९ घरे दोन्ही पट्ट्यांत येतात, म्हणून ती दोनदा वजा झाली. ती एकदा परत मिळविली पाहिजेत. ४९ − २१ − २१ + ९ = १६. सूत्रातील '− २अब + ब²' ही पदे कोठून येतात, ते सर्व वर्गास पाच मिनिटांत उमगले. 'समजत नाही' ह्या दोन शब्दांस आम्ही तासभर उत्तर दिले असते, तरी हे साधले नसते.

ह्यावरून चांगल्या प्रश्नाची लक्षणे काढता येतात. त्यात एका वेळी एकच गोष्ट विचारलेली असते. कोठे अडले ते नेमके सांगितलेले असते. विचारणाऱ्याने आधी काय वाचले व काय करून पाहिले, ह्याची नोंद असते. आणि काय मिळाले म्हणजे आपले समाधान होईल, हे त्यावरून उत्तर देणाऱ्यास कळते.

हीच लक्षणे वडीलधाऱ्यांच्या व्यवहारातही उपयोगी पडतात. आपल्या राज्यात माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ साली झाला, आणि पुढे देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. दहा रुपये शुल्क भरून साध्या कागदावर अर्ज करावा, म्हणजे सामान्यतः ३० दिवसांच्या आत सरकारी कार्यालयाने माहिती दिली पाहिजे. महाराष्ट्राने २०१२ साली त्यास नियम जोडला की, एका अर्जात एकच विषय असावा आणि अर्ज सामान्यतः १५० शब्दांहून मोठा असू नये. कित्येक अर्जदार येथेच फसतात. अंबरनाथकरांच्या नित्याच्या विषयाचेच उदाहरण घेऊ. आपल्या शहरास पाणी मिळते ते बदलापूरजवळ उल्हास नदीतून, चिखलोलीच्या धरणातून आणि बारवीच्या धरणातून. एखाद्या गृहस्थाने 'आमच्याकडे पाणी नीट का येत नाही?' असे लिहिले, तर त्यास उत्तर मिळणे कठीण. कारण कायद्याने जी माहिती मिळते, ती कार्यालयाच्या दप्तरी असलेल्या नोंदींची. अधिकाऱ्याने नवी कारणे शोधून द्यावीत, असे त्यात नाही. परंतु त्याच गृहस्थाने 'आमच्या भागास पाणी कोणत्या जलकुंभातून सोडतात, त्याचे ठरलेले वेळापत्रक काय, आणि गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी किती वेळ पाणी सोडल्याची नोंद आहे, त्या नोंदवहीची प्रत द्यावी' असे लिहिले, तर त्यास टाळाटाळ करणे अवघड जाते. 'का' चे उत्तर मग त्या नोंदींतून अर्जदारासच काढता येते. गाऱ्हाणे तेच, परंतु पहिल्या लिहिण्यात नुसता संताप आहे आणि दुसऱ्यात विचार आहे.

तिसरी गोष्ट उत्तर देणाऱ्यांविषयी आहे. एकच प्रश्न वारंवार येतो, ह्याचा सर्व दोष विचारणाऱ्यावर टाकणे न्यायाचे नव्हे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातच असे सांगितले आहे की, प्रत्येक कार्यालयाने आपली कामे, नियम, अधिकारी, खर्च इत्यादींची माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी, जेणेकरून लोकांस अर्ज करण्याची गरजच कमीत कमी पडावी. हे आम्हांसही लागू होते. आकाश निळे का, ह्याचे उत्तर आम्ही एका शनिवारी तोंडी दिले. त्या दिवशी जो गैरहजर होता, किंवा जो पुढील वर्षी शाळेत आला, त्याने ते कोठे शोधावे? म्हणून त्यानंतर आम्ही ग्रंथालयात एक जाड वही ठेविली, आणि दिलेले प्रत्येक उत्तर तीत लिहून काढू लागलो.

परंतु वहीनेही काम पुरे झाले नाही. कारण एकच शंका निरनिराळ्या मनांत निरनिराळी वस्त्रे घालून येते. आपल्या गावच्या शिवमंदिराविषयीच पाहा. एक चिठ्ठी म्हणते, 'शिवमंदिर किती जुने आहे?' दुसरी म्हणते, 'ते कोणत्या राजाने बांधले?' तिसरी म्हणते, 'पांडवांनी ते एका रात्रीत बांधले हे खरे काय?' अक्षरे पाहिली तर तीन प्रश्न निराळे, पण तिघांस उत्तर देणारा शिलालेख एकच. ज्याने 'पांडव' हा शब्द मनात धरून वही चाळली, त्यास 'शिलाहार' ह्या शब्दाखाली लिहिलेले उत्तर कसे सापडावे?

ह्यावर तोड ग्रंथकारांनी पूर्वीच काढलेली आहे. मराठी विश्वकोशाचा कोणताही खंड उघडावा. त्यातील कित्येक नोंदींच्या शेवटी 'पहा' असे लिहून दुसऱ्या नोंदीचे नाव दिलेले आढळते. एकच मजकूर दहा ठिकाणी छापावयाचा नाही, परंतु दहा वाटांनी येणाऱ्या वाचकास त्या एका ठिकाणी पोहोचवावयाचे, अशी ती युक्ती आहे. आमच्या वहीच्या आरंभी आम्ही अकारविल्हे सूची केली, आणि तीत 'पांडव आणि शिवमंदिर : शिलाहार पहा' अशा वाटा दाखविल्या. म्हणून पुनरुक्त चिठ्ठी फाडून टाकणे आम्ही सोडून दिले. तिच्यातील शब्द आम्ही सूचीत घेतो. जो शब्द एकास सुचला, तो आणखी कोणास तरी सुचणारच.

चौथी गोष्ट अशी की, विचारलेलाच प्रश्न पुन्हा विचारणे नेहमीच चुकीचे असते, असेही नाही. ह्याचेही उदाहरण त्याच मंदिरात आहे. मंदिराच्या उत्तरेकडील दारावर जो शिलालेख आहे, त्यातील शकाचा आकडा एकोणिसाव्या शतकात प्रथम वाचला गेला तो ७८२ असा. म्हणजे मंदिर इ. स. ८६० चे ठरले. उत्तर मिळाले, तेव्हा प्रश्न संपला, असे पुष्कळांनी मानिले असेल. परंतु पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि तो आकडा ९८२ असा वाचला. म्हणजे वर्ष झाले इ. स. १०६०. एका अंकाने दोनशे वर्षांचे अंतर पडले! दुसरे वाचन ग्राह्य का मानावे, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. लेखात उत्तर कोकणच्या शिलाहार वंशातील माम्वाणि राजाचे नाव आहे. त्याचा भाऊ छित्तराज ह्याचा ताम्रपट भांडुप येथे सापडला असून त्याचा काल शके ९४८, म्हणजे इ. स. १०२६ असा आहे. दोघां भावांमध्ये चौतीस वर्षांचे अंतर संभवते, एकशे सहासष्ट वर्षांचे संभवत नाही.

आता फलक न वाचता विचारणारा विद्यार्थी आणि पंडित भगवानलाल, ह्या दोघांनीही पूर्वी विचारलेलाच प्रश्न विचारला. मग भेद तो कोणता? पहिल्याने आधीचे उत्तर पाहिलेच नाही. दुसऱ्याने ते पाहिले, तपासले, आणि ते का पटत नाही हे दाखविले. म्हणून आमचे विद्यार्थ्यांस सांगणे असे की, वहीतील उत्तराने समाधान झाले नाही, तर अवश्य पुन्हा विचारा. मात्र 'अमुक पानावरील उत्तर वाचले, त्यातील अमुक गोष्ट पटत नाही, कारण अमुक' असे लिहा. अशी चिठ्ठी आम्ही सर्वांआधी घेऊ, आणि आमची चूक निघाली तर वहीत ती दुरुस्तही करू.

आता त्या बाजूस ठेविलेल्या चिठ्ठीकडे येतो.

'मला गणित का येत नाही?' वर जी लक्षणे सांगितली, त्यांपैकी एकही ह्या प्रश्नात नाही. कोठे अडले ते नाही, काय करून पाहिले ते नाही. नियमाप्रमाणे ती चिठ्ठी बाजूस ठेवणे योग्यच होते, असे आम्ही मनास समजाविले. पुढे काही महिन्यांनी शाळेत डोळ्यांची तपासणी झाली, तेव्हा सातवीतील एका मुलीस फळ्यावरील आकडे मुळीच दिसत नाहीत, असे आढळून आले. ती मागल्या बाकावर बसे आणि शेजारणीच्या वहीतून उतरून घेई. शेजारणीने ३ लिहिला की ८, हे तिला कळत नसे, आणि गणित चुके. चष्मा आला, आणि तिचे गणित हळूहळू सुधारले. एके दिवशी तिनेच आम्हांस भीत भीत सांगितले की, ती चिठ्ठी तिची होती.

आम्हांस त्या दिवशी फार वाईट वाटले. त्या मुलीस चांगला प्रश्न विचारता आला नाही, कारण आपली अडचण डोळ्यांत आहे हे तिलाच ठाऊक नव्हते. सर्वांस फळा असाच अंधुक दिसतो, असे ती समजत होती. कोठे दुखते हे ज्यास सांगता येत नाही, त्याचे दुखणे खोटे नसते. आणि तिची चिठ्ठी उलटून विचार करण्यास आम्हांस अवकाश मिळाला नाही, ह्याचे एक कारण हेही होते की, तो सर्व तास सहामाहीचे धडे आणि निळे आकाश ह्यांनी खाऊन टाकला होता.

म्हणून आम्ही आमच्या कामात दोन बदल केले. ज्या प्रश्नांची उत्तरे वहीत आहेत, त्यांस तासाला फक्त पान सांगतो आणि पुढे जातो. तो वाचलेला वेळ आम्ही अस्पष्ट चिठ्ठ्यांस देतो. 'समजत नाही', 'येत नाही', 'नकोसे वाटते' अशी चिठ्ठी आली, तर तिला उत्तर न देता आम्हीच उलट प्रश्न विचारतो : केव्हापासून? कोणत्या तासाला? घरी येते आणि वर्गात येत नाही, की दोन्हीकडे येत नाही? वैद्य रोग्यास विचारतो, त्याच रीतीने हे विचारावयाचे असते. नाव लिहिण्यास संकोच वाटत असेल, तर चिठ्ठीवर एखादी खूण करावी. त्या खुणेखाली आमचे प्रश्न पेटीशेजारी लावले जातील.

पालकांस आमची एक विनंती आहे. मूल घरी प्रश्न विचारते, तेव्हा 'एवढेही कळत नाही?' हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नयेत. ह्या एका वाक्याने मूल चांगला प्रश्न विचारण्यास शिकत नाही, प्रश्न लपविण्यास मात्र शिकते. त्याऐवजी 'तुला आतापर्यंत काय कळले ते सांग' असे म्हणावे. सांगता सांगता पुष्कळ वेळा त्याचे त्यालाच उत्तर सापडते. आणि सापडले नाही, तरी नेमके कोठे अडले ते दोघांसही कळते. आपणांस उत्तर ठाऊक नसेल, तर 'आपण मिळून शोधू' असे म्हणण्यात आईबापांस कमीपणा नाही. आम्ही शिक्षकही तसे म्हणू लागलो आहोत.

विद्यार्थ्यांनो, पेटी तिच्या जागी आहे, आणि वही आतल्या टेबलावर आहे. आधी वही पाहा, मग मनाशी करून पाहा, मग एकच गोष्ट नेमकी लिहा. उत्तर मिळून अडचण सुटली, तर तसेही एका ओळीत कळवा, म्हणजे ते उत्तर खरे ठरल्याची खूण आम्ही वहीत करू, आणि तुमच्या मागून येणाऱ्यास त्याचा उपयोग होईल. आणि हे काहीच साधत नसेल, नीट लिहिता येत नसेल, तरीही चिठ्ठी टाका. नीट कसे विचारावे ते आपण मग बसून पाहू.